हातचं राखून

तक्तेभाई तुम्हाला माहीत आहे. नावानं नसेल, पण तऱ्हेनं नक्की. बायकोला दोन दिवस कुठं तरी फिरवून आणावं असं इतर नवऱ्यांच्या मनात आलं, की ते माळ्यावरची बॅग काढतात. तक्तेभाई लॅपटॉप काढतो. तो क्वालालंपूरच्या बँकेत असेल, सिंगापूरच्या गोदीत असेल, नाही तर म्हसळ्याहून आखातात गेलेला आणि तिथून सुट्टी टाकून निघालेला असेल, माणूस तोच. एक्सेलची नवी शीट उघडायची, तिला ‘मलाक्का, रोमँटिक, अंतिम’ असं नाव द्यायचं आणि मग ‘अंतिम दोन’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम, हीच बघणे’ अशी तिची पिलावळ वाढवत न्यायची. शनिवारी सकाळी सात ते रविवारी संध्याकाळी सहा, एवढ्या अवधीच्या एकेचाळीस ओळी. रकाने सहा: वेळ, ठिकाण, हलाल आहे का, नमाजची जागा, स्वच्छतागृह आणि अगदी उजव्या कडेला, छापताना हमखास कापला जाईल अशा बेतानं, ‘प्रणय’. या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ. फक्त तीन ओळींत मजकूर: एकीत ‘नदी’, दुसरीत ‘सूर्यास्त’ आणि तिसरीत ‘हात’, पुढं प्रश्नचिन्ह. लोक तक्तेभाईला हसतात ते हलालच्या रकान्यावरून. माझं म्हणणं असं, की हसण्यासारखं जे काही आहे ते त्या प्रश्नचिन्हात आहे. आणि तक्तेभाईबद्दल दोन बरे शब्द बोलायची वेळ आलीच, तर तेही तिथूनच काढावे लागतील.

आधी हलालचा रकाना निकालात काढू. ‘मलेशिया मुसलमानी देश, तिथं हलालची कसली चौकशी?’ हा आक्षेप मलाक्का न पाहिलेल्यांचा. २००८ साली युनेस्कोनं पिनांगच्या जॉर्ज टाउनबरोबर या शहराचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत घातला, आणि प्रवासी पाहायला जातात तो हाच भाग. त्यातला जोंकर स्ट्रीटचा परिसर पिढ्यान्‌पिढ्या चिनी व्यापाऱ्यांचा. शुक्रवार ते रविवार तिथं रात्रीचा बाजार भरतो. या गावची प्रसिद्ध कोंबडी मिळते ती लाडवासारखे वळलेले भाताचे गोळे ताटात मांडणाऱ्या चिनी खाणावळींत. दुसरा प्रसिद्ध प्रकार सताय चेलुप: शेंगदाण्याचा दाट रस्सा टेबलाच्या मधोमध खदखदत असतो, आणि मांस, मासळी, भाज्या टोचलेल्या काड्या ज्यानं त्यानं त्यात बुडवून खायच्या. कुठल्या काडीला काय होतं, हे शेवटी त्या रश्शालाच ठाऊक. तिसरी गोष्ट न्योन्या स्वयंपाकाची. चिनी जिन्नस आणि मलय मसाला यांचा तो संसार आहे, आणि त्यातला पोंगतेह नावाचा रस्सा कोंबडीचाही होतो आणि डुकराचाही. दारावर कुठं सरकारी धर्मखात्याचं, म्हणजे ‘जाकिम’चं, आठ टोकांच्या ताऱ्याचं हलालचिन्ह असतं, कुठं चिन्ह नसतं, पण गल्ल्यावर मलय मावशी बसलेली असते, आणि कुठं ‘डुक्कर नाही, चरबी नाही’ एवढीच पाटी असते. ही पाटी खोटी नसते, पण ती हलालची ग्वाहीही नसते. कोंबडी कुणी आणि कशी कापली, याबद्दल पाटी मौन पाळते. प्रमाणपत्र घेणं ऐच्छिक असल्यामुळं चिन्ह नाही म्हणजे हराम, असंही म्हणता येत नाही. तेव्हा तक्तेभाई दुकानांचे फोटो दोन बोटांनी ताणताणून दारावरचा तारा शोधतो, यात त्याचं काही चुकत नाही. चुकतं ते पुढं. तो शहाळ्याचीही चौकशी करतो. शहाळं हलाल असतं हे त्याला मान्य आहे. पण कोयत्यानं आधी काय तोडलं होतं?

इथं ज्यांना हसू फुटलं त्यांनी आपल्या घरातला डबा उघडून पाहावा. युरोपच्या सहलीच्या मराठी जाहिरातीत आयफेल टॉवरच्या बरोबरीनं ‘रोज भारतीय जेवण’ ठळक छापलेलं असतं, ते कुणासाठी? परदेशी विमानात बसल्या बसल्या हवाई सुंदरीला ‘कांदा-लसूण?’ असा दोनच शब्दांचा प्रश्न टाकणारे, चक्क्याच्या डब्यासाठी कस्टमच्या माणसाशी हुज्जत घालणारे, संकष्टीला लंडनचा चंद्रोदय किती वाजता हे पंचांगवाल्याला फोन करून विचारणारे लोक काही मलयभाषक नाहीत. माणूस घर सोडून निघतो तेव्हा घरातल्या जेवणाचे नियम बरोबर घेतो. ते त्याच्या सामानात सगळ्यात हलके आणि सगळ्यात न हरवणारे असतात. शिवाय मलाक्कात हे सगळं वाटतं तेवढं जडही नाही. मलय खाणावळी पावलोपावली आहेत आणि त्यांत आसाम पडास नावाचं आंबट-तिखट मासळीचं कालवण मिळतं. काही घरांत त्याला आंबटपणा आणायला ज्या वाळक्या फोडी टाकतात, त्या आपल्या कोकमाच्या सख्ख्या भावंडाच्या, एकाच कुळीतल्या झाडाच्या. श्रीवर्धनच्या माणसानं डोळे मिटून पहिला घास घेतला, तर आजी कुठं बसली आहे हे बघायला तो डोळे उघडेल. वर चेंडोल: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि नारळाच्या झाडापासून काढलेला काळपट गूळ, ज्याला त्या मुलखात ‘गुला मेलाका’ असं शहराचंच नाव आहे. म्हणजे दोन दिवसांच्या जेवणाची सोय कुणाही शहाण्या माणसाला एका संध्याकाळी लावता येते. तक्तेभाईला तीन आठवडे लागतात. एवढा वेळ कशाला, असं विचारलं तर उत्तर शहाळ्यात सापडत नाही. ते ‘हात’ या शब्दापुढच्या प्रश्नचिन्हात आहे.

कोकणी मुसलमान आणि मलय मुसलमान, दोघांचाही फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्राचं मत, शाफिई. हिंदी महासागराच्या काठाकाठानं गलबतांबरोबर हे मत पसरलं, म्हणून उत्तर भारतात हनफी आणि किनाऱ्यावर शाफिई अशी वाटणी दिसते. खाण्याच्या बाबतीत त्यामुळं दर्यावर्दी माणसाची चंगळ झाली; कोळंबीवर हनफी विद्वान वाद घालत असताना शाफिई माणूस साल काढून मोकळा होतो. पण एका ठिकाणी हे मत कडक आहे. नमाजआधी हातपाय-तोंड धुऊन वुजू करायचा, आणि वुजू झालेल्या पुरुषाच्या कातडीला बायकोच्या कातडीचा स्पर्श झाला, की तो वुजू मोडला. रागानं असो, लोभानं असो, नाही तर मीठ देता-घेताना असो. मध्ये कापड असेल तर मात्र मोडत नाही. नियम एवढाच, आणि घरात तो कुणाला जाचत नाही, कारण घरात नळ आहे. तक्तेभाईच्या तक्त्यात नळ दूर असतो. जोहरला, म्हणजे दुपारच्या नमाजला, केलेला वुजू तिसऱ्या प्रहरच्या असरपर्यंत जपायचा, असरचा सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत न्यायचा, मगरिबचा रात्रीच्या इशापर्यंत ताणायचा, अशी त्याची काटकसर चालते. आपण गणितात हातचा एक राखतो, तसा तो बायकोचा हात राखतो. बेरीज पुरी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि बेरीज तर काही पुरी होत नाही. म्हणून मलाक्काच्या नदीकाठी, जिथं इतर जोडपी बोटांत बोटं अडकवून चालतात, तिथं हा गृहस्थ बायकोच्या बाहीची कड दोन बोटांच्या चिमटीत धरून चालताना दिसतो. धोब्याकडचा कपडा नीट वाळला आहे की नाही हे बघावं, तसा. हात नाही, बाही. प्रणय तर झाला, आणि वुजूही शाबूत.

या शहरानं मात्र त्याच्या विरुद्ध कट केलेला आहे. मलाक्काच्या सायकलरिक्षा पाहिल्यात? कापसाची मोठी मांजरं, प्लॅस्टिकची फुलं, रंगीत दिव्यांच्या माळा, आणि मागं कर्णा लावून वाजणारं गाणं. गणपतीच्या मांडवाला तीन चाकं लावून सोडलं तर जे होईल ते. तिची बैठक दोघांची म्हणून करतात, पण ते दोघे एकमेकांवर खूश आहेत असं गृहीत धरून. बसलं की कोपराला कोपर लागणारच. तक्तेभाईनं यासाठी ‘पूर्ण बाह्यांचा शर्ट (मी)’ अशी टीप लिहिलेली असते. विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंशांवरच्या दमट दुपारी, मनगटापर्यंत बटणं लावलेला, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलेला, गुलाबी मांजराच्या कुशीतला तो घामाघूम नवरा बघून रिक्षावाल्याला वाटतं, यांचं भांडण झालंय. तो बिचारा गाण्याचा आवाज वाढवतो. नदीतल्या नावेत पाऊण तास मिळतो, पण तिथं उजवीकडची भित्तिचित्रं आणि डावीकडची जुनी घरं दाखवायला तक्तेभाईला हात मोकळा लागतो. आणि संत पॉलच्या टेकडीवर तर साक्षात पुरावाच उभा. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बांधलेलं तिथलं चर्च आता बिनछपराचं आहे. गोव्यात बॉम जेझूमध्ये ज्यांचं दर्शन घेतात त्या सेंट झेवियरचा देह १५५३ साली काही महिने इथंच पुरलेला होता. इथून तो गोव्याला गेला. पुढं १६१४ मध्ये त्यांचा उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला नेला. टेकडीवरच्या त्यांच्या संगमरवरी पुतळ्यालाही उजवा पंजा नाही. झाड पडून तो मोडला, असं सांगतात. बायको वारा खात समुद्राकडं बघत असते, आणि तक्तेभाई हातांचे वियोग तिला सनावळीनिशी समजावून सांगत असतो. स्वतःचे दोन्ही हात खिशात.

यावर जाणकारांचे आक्षेप येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की प्रवाशाला सवलत आहे. साधारण ऐंशी किलोमीटरच्या वर प्रवास असेल तर शाफिई मतानं जोहर-असर एकत्र आणि मगरिब-इशा एकत्र पढता येते, चारचे दोन रकातही करता येतात. क्वालालंपूर मलाक्कापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, सिंगापूर त्याहून लांब. म्हणजे सवलत लागू. तक्तेभाईला हे पाठ आहे. पण सवलत मिळाली म्हणून घ्यायलाच हवी असं थोडंच आहे, असं तो म्हणतो. रेल्वेचा पास असलेला माणूस उगाच दिवसभर गाडीत बसत नाही, असा त्याचा दाखला. दुसरा आक्षेप असा, की हनफी मतानं नुसत्या स्पर्शानं वुजू मोडत नाही, आणि मक्केत तवाफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्यांच्या, गर्दीत शाफिई यात्रेकरूंनाही या बाबतीत दुसऱ्या मताचा आधार घेण्याची मुभा विद्वानांनी दिलेली आहे. मग काबाभोवतीच्या गर्दीत जे चालतं, ते जोंकर स्ट्रीटच्या गर्दीत का चालू नये? युक्तिवाद बिनतोड आहे. तक्तेभाई तो शांतपणे ऐकून घेतो आणि एका हातापुरता मजहब बदलायचा नाही, असा निर्णय देतो. इथं त्याची बाजू घ्यावीशी वाटते. सोयीनं नियम वाकवणारे आणि नियमानं दुसऱ्याला वाकवणारे, अशा दोन्ही जातींची माणसं आजूबाजूला मुबलक असताना, नियमाखाली फक्त स्वतः घामाघूम होणारा माणूस तसा निरुपद्रवीच. पण ‘फक्त स्वतः’ हे खरं नाही. त्या बाहीत दुसऱ्याचा हात आहे.

म्हणून प्रश्न नीट मांडायला हवा. ‘नियम आले की प्रणय संपला’ असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण मलाक्का हेच आहे. हे शहर साधारण १४०० च्या सुमाराला वर आलं ते वाऱ्यामुळं. पश्चिमेकडची गलबतं एका मोसमी वाऱ्यानं यायची, आणि परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन्‌महिने बंदरात अडकून पडायची. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी हे बंदर घेतल्यावर तिथं काही काळ राहिलेला तोमे पिरेस हा औषधांचा जाणकार लिहून गेला आहे, की इथं चौऱ्याऐंशी भाषा कानावर पडतात. तिथं येणाऱ्यांची त्यानं जी जंत्री दिली आहे, तीत गुजराती, इराणी, अरब यांच्याबरोबर चौलचे, दाभोळचे आणि गोव्याचे व्यापारीही आहेत. हे सगळे आपापल्या खाण्यापिण्याचे, पूजेचे, शिवाशिवीचे नियम घेऊनच आलेले. आणि तरीही काय झालं? चिनी व्यापारी थांबले, त्यांनी इथल्या बायकांशी घरं केली, आणि त्यांतून बाबा-न्योन्या समाज उभा राहिला. तमिळ व्यापारी थांबले, त्यांच्यातून मलय बोलणारे, पण देवळात जाणारे चिट्टी झाले. पुढं पोर्तुगीज थांबले. त्यांच्या वंशजांच्या वस्तीत आजही क्रिस्तांग ही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. जुन्या गावात एकाच रस्त्यावर, दोनचार मिनिटांच्या चालीवर, चिनी मंदिर आहे, १७८१ चं विनायकाचं देऊळ आहे आणि १७४८ ची कांपुंग क्लिंगची मशीद आहे. तिचं छप्पर तीन टप्प्यांचं, मनोरा पॅगोड्यासारखा आणि आतले खांब युरोपी घाटाचे. नियम पाळणाऱ्या माणसांनीच हे सगळं केलं. त्यांच्याकडं जी गोष्ट मुबलक होती आणि तक्तेभाईच्या एकेचाळीस ओळींत जी औषधालाही नाही, ती म्हणजे रिकामा वेळ. वारा सुटत नाही, काम नाही, समोरच्या ओसरीवर कुणीतरी मिरच्या वाळत घालतंय. माणसं एकमेकांची होतात ती अशा वेळी. प्रणय हलालनं मरत नाही, तो मरतो ‘७.४० नमाज समाप्त, ७.४२ रवाना’ या ओळीत.

‘दोन दिवसांची रजा मिळालेल्या माणसानं वाऱ्याची वाट बघायची म्हणता?’ हा आक्षेप तक्तेभाईच्या बाजूनं घेता येतो, आणि तो रास्त आहे. चौलच्या व्यापाऱ्याला साहेब नव्हता. पण गंमत बघा, तक्तेभाईच्या दिवसात थांबण्याच्या जागा धर्मानंच पाच वेळा करून ठेवलेल्या आहेत, आणि त्यानं त्या बसच्या थांब्यासारख्या वापरल्या. सामुद्रधुनीतल्या मशिदीचंच घ्या. समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटाच्या कडेला खांबांवर उभी असलेली, २००६ मध्ये खुली झालेली ही मशीद भरतीच्या वेळी तरंगते आहे असं वाटतं. तक्तेभाईनं त्यासाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळवलं, कारण ओहोटीत खांब आणि चिखल दिसतो आणि प्रणय पंचवीस टक्क्यांनी घटतो. पण सूर्य बुडतो त्याच क्षणी मगरिबची वेळ होते. म्हणजे तक्त्यातलं सगळ्यात देखणं मिनिट आणि नमाजचं मिनिट एकच. तो पुरुषांच्या दालनात, ती बायकांच्या. या योगावर हसणाऱ्यांना एक बारीकसा तपशील माहीत नसतो. मलाक्काहून किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, पश्चिमेपासून साधारण २३ अंश उत्तरेकडं आहे, आणि जून महिन्यात तिथला सूर्यही जवळजवळ नेमका त्याच दिशेला मावळतो. म्हणजे जूनमध्ये ती दोघं, मध्ये भिंत असली तरी, एकाच वेळी, एकाच दिशेला, बुडत्या सूर्याकडं तोंड करून उभी असतात. तक्तेभाईची सहल नेहमी जूनमध्ये का असते, याचं उत्तर तक्त्यातल्या होकायंत्राच्या ओळीत आहे. तिथं त्यानं काही लिहिलेलं नाही. प्रणयाच्या रकान्यात नेहमीची आडवी रेघच आहे, फक्त ती दोनदा ओढलेली आहे.

हे त्याला बायकोला सांगता येत नाही, हा त्याचा खरा दोष. आणि तो एकट्याचा नाही, काळाचाही आहे. मुस्लिम प्रवाशांची सोय कुठल्या देशात किती आहे याचा मास्टरकार्ड आणि क्रेसेंटरेटिंग यांचा एक जागतिक निर्देशांक २०१५ पासून निघतो, आणि मलेशिया त्यात पहिल्यापासून अव्वल. जेवण, नमाजच्या जागा, विमानतळ, सुरक्षितता, सगळं त्यात मोजतात. मोजता येतं ते मोजावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोजायची सवय लागलेल्या माणसाला जे मोजता येत नाही त्याची भीती वाटायला लागते, आणि मग तो भीतीला मोजपट्टी लावतो. हलालला प्रमाणपत्र आहे, हॉटेलच्या छताला किब्ल्याचा बाण आहे, प्रणयाला यांतलं काहीच नाही. प्रणय ‘जाकिम’ देत नाही. तो कुणाला तरी विचारावा लागतो, आणि ते कुणी तरी शेजारीच बसलेलं असतं. जुन्या काळी हलालही असंच विचारून ठरत होतं: मावशी, हे कसलं? मावशी सांगायची, आपण विश्वास ठेवायचा. तक्तेभाईनं तीन आठवड्यांत चाळीस दुकानदारांना संदेश पाठवलेले असतात. एकेचाळिसावा संदेश, तुला काय आवडेल, हा त्यानं घरातल्या घरात पाठवलेला नसतो.

आता ते दोन बरे शब्द, नाइलाज आहे. शाफिई मताचा तो नियम पुन्हा वाचून पाहा. तो हात अपवित्र आहे असं नियम म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की हात लागला तर काहीतरी घडलं. लग्नाला बारा-पंधरा वर्षं झाल्यावर बहुतेक घरांत नवऱ्याचा हात बायकोच्या हाताला लागतो आणि काहीसुद्धा घडत नाही; टीव्हीचा रिमोट या हातातून त्या हातात जातो, एवढंच. इथं मात्र शेकडो वर्षांचा एक कायदा बसून आहे, जो विसाव्या वर्षीही त्या स्पर्शाची नोंद घेतो. मलय लोकांनी तर याचा सोहळाच केला आहे. निकाह झाल्यावर नवरा नवरीच्या बोटात अंगठी घालतो, ती त्याच्या हाताचं चुंबन घेते, आणि या पहिल्या स्पर्शाच्या विधीला ते ‘मेंबातालकान आइर सेंबाह्यांग’ म्हणतात. शब्दशः अर्थ, नमाजचं पाणी मोडणं, म्हणजेच वुजू मोडणं. ज्या मुलखाच्या भाषेत लग्नातल्या पहिल्या स्पर्शालाच वुजू मोडणं म्हणतात, त्या मुलखात जाऊन तक्तेभाई वुजू मोडू नये म्हणून बाही धरून चालतो. हसावं तेवढं थोडं. पण हसता हसता हेही मान्य करावं लागतं, की टाळण्यासाठी का होईना, बायकोचा हात या घटकेला नेमका कुठं आहे, हे त्याला दिवसभर ठाऊक असतं. सायकलरिक्षात, नावेत, टेकडीवर, चेंडोलच्या वाडग्यापाशी, त्याचं सगळं लक्ष त्या एका हाताकडं. बोटांत बोटं अडकवून, दुसऱ्या हातानं फोन चाळत चालणाऱ्या जोडप्यांपैकी किती नवऱ्यांबद्दल असं म्हणता येईल?

तेव्हा तक्तेभाई, तक्ता फाडू नका; हॉटेलवाला तुमच्यापेक्षा कमी तयारीचा असेल, त्याला लागेल. शहाळ्याचं काय ते एकदा विचारून घ्या. फक्त मगरिबनंतरची ७.४२ ची ओळ खोडा आणि चपलांच्या मांडणीपाशी तिची वाट बघा, वारा सुटायची वाट बघावी तशी. ती आली की प्रश्नचिन्ह काढा आणि हात धरा. बाही नाही, हात. इशाची काळजी असेल तर बेचाळिसावी ओळ घाला: ‘वुजू, पुन्हा’. कांपुंग क्लिंगच्या मशिदीच्या आवारात त्यासाठी पाण्याचं कुंड आहे, आणि वुजूला तीन मिनिटं लागतात.